बांबू फुलला तो उन्हाळा

परवा मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझा धाकटा भाऊ, चंद्रपूरला असतो. शाळेतून रिटायर झाल्यापासून मोटरसायकल काढून रानोमाळ भटकणं एवढाच त्याचा उद्योग. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, इथल्या बर्फाची झाली, आणि मग सहज आठवल्यासारखा तो म्हणाला, "बाई, धानोऱ्याकडं बांबू फुलून राह्यला."

मी हातातला कप खाली ठेवला. "कुठवर?"

"रस्त्याच्या दोन्ही बाजूनं. तुले फोटो पाठवतो."

बातमी ऐकून आनंद व्हायला हवा होता. कुणालाही होईल. पण मला भीतीच वाटली आणि फोन ठेवल्यावरही ती जाईना. इथे कॅनडात एप्रिल संपत आला तरी खिडकीबाहेर बर्फाचे मळके ढीग आहेत, मी कागदाच्या कंपनीतली नोकरी संपवून घरी बसले आहे, आणि हजारो मैलांवर एक गवत फुललं म्हणून माझी झोप उडाली. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, तुला काळजीला कारण लागतं कुठे. त्याचं खरं आहे. पण ह्या वेळी कारण होतं.

बाकीचे ऋतू दर वर्षी परत येतात. आंब्याला मोहोर येतो, धान कापणीला येतं, पोरांच्या परीक्षा येतात. बांबूचा मोसम तसा नाही. आमच्याकडचा बांबू चाळीसेक वर्षांत एकदा फुलतो, आणि फुलला की मरतो. सगळं रान एका दमात पिवळं पडतं. माणसाच्या वाट्याला हा मोसम एकदा येतो, फार तर दोनदा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते, गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि लोक अजून चांदा जिल्हाच म्हणायचे.

तेव्हा मी कागदाच्या मिलमध्ये शिकाऊ केमिस्ट होते. मिलला नाव होतं, पण आमच्या वस्तीत ते कुणी घेत नसे. मिल म्हणजे मिल. तिचा वास आमच्या कपड्यांना, पाण्याला, भाताला असायचा. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावायचे, आणि आम्हाला कळायचं नाही की ह्यांना झालंय काय. माझे बाबा त्याच मिलच्या बांबूच्या यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. ट्रक रिकामे करायचे, बांबूच्या दुमजली घराएवढ्या थप्प्या लावायच्या, आणि थप्पी मोडून बांबू तुकडे करायच्या यंत्राकडे पाठवायचा. संध्याकाळी माय सुई घेऊन त्यांच्या तळहातातली कुसळं काढत बसायची. बाबा दुसऱ्या हातात पेपर धरून वाचत असायचे, मध्येच "हळू" म्हणायचे आणि पान उलटायचे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एकच कायदा होता, पोरांनी शिकायचं. त्या कायद्यानं मी चंद्रपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आणि बाबा ज्या मिलच्या मागच्या फाटकानं आत जायचे तिच्या पुढच्या फाटकानं आत गेले.

लॅबमध्ये मी एकटीच बाई. कुणी वाईट वागलं नाही, उलट सगळे इतके जपून वागायचे की मला श्वास घ्यायची चोरी. त्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. कँटीनच्या मागे एक होता, तिथवर उन्हातून चालत जायचं म्हणजे सगळ्या खात्यांना दाखवत जायचं. मग मी पाणीच कमी प्यायचे. चंद्रपूरच्या मे महिन्यात. संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि माय म्हणायची, एवढं शिकून असं सुकून कायले राह्यली.

त्याहून मोठी अडचण कायद्याची होती. बायकांना कारखान्यात रात्रपाळी करायला तेव्हा बंदी होती, आणि लॅबचं काम चालायचं तीन पाळ्यांत. रात्रपाळी न करणारा केमिस्ट परमनंट कसा करायचा, हा प्रश्न साहेब लोकांना पडला होता. ते माझ्यासमोर कधी बोलले नाहीत, पण मी चहाला गेले की बोलायचे आणि आले की गप्प व्हायचे. माझी उमेदवारीची मुदत पावसाळ्याबरोबर संपणार होती. मी रोज कॅलेंडरकडे बघायचे आणि रोज ठरवायचे की उद्यापासून बघायचं नाही.

आमचे मुख्य केमिस्ट अय्यरसाहेब. तमिळनाडूतून आलेले, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदीत. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "सुजाता, ये तुम्हारा काम है. दिन का काम है." दिन का, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. मला रात्रपाळी नाही म्हणून जे काम कुणालाच नको होतं ते माझ्याकडे आलं होतं.

काम असं. आदल्या वर्षीपासून रानात बांबू तुकड्यातुकड्यानं फुलायला लागला होता. ह्या वर्षी तर सगळंच फुललं. फुलून मेलेला बांबू उभ्याउभ्या वाळतो. त्याचा कागद होतो का? आणि एक पावसाळा खाल्लेल्या मेलेल्या बांबूचा होतो का? होत असेल तर मिल दोन-तीन वर्षं तो सुका बांबू आणत राहील. होत नसेल तर जेवढा नवा मेलेला आहे तेवढा पावसाआधी उचलायचा, आणि पावसाळ्यानंतर यार्ड रिकामं. कारण नवीन कोंब जमिनीतून वर येऊन तोडण्याजोगा व्हायला दहा-बारा वर्षं जातात.

यार्ड रिकामं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ठेकेदाराकडची सगळी माणसं आमच्याच वस्तीतली होती.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. जेवताना बाबांनी विचारलं, "मंग काय निघन तुह्या टेस्टमधी?"

"मले काय मालूम बाबा. अजून केली बी नाई."

"नाई, अंदाज?"

"अंदाज नाई सांगत आमी. आकडा सांगतो."

बाबा हसले. पोरगी असं बोलते ह्याचा त्यांना अभिमान होता. मायनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं हे काम दुसऱ्या कुणाला तरी मिळायला हवं होतं.

यार्डातून माझ्यासाठी गठ्ठे यायला लागले. एक पावसाळा खाल्लेल्या बांबूवर लाल रंगाचा पट्टा. मी त्याचे तुकडे करायचे, छोट्या भांड्यात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दाबाखाली शिजवायचे, लगदा धुवायचे, त्याचे ताटलीएवढे गोल कागद बनवायचे आणि वाळले की यंत्रात धरून फाडायचे. किती जोर लावल्यावर फाटतो, तो आकडा. बाकी आयुष्यभर मी हेच केलं म्हणा ना. कागद बनवायचा आणि फाडायचा.

पहिले आकडे आले आणि मी दोनदा वाचले. लाल पट्ट्याचा बांबू हिरव्या बांबूपेक्षा जेमतेम उणा होता. दुसरा गठ्ठा, तोच आकडा. तिसरा, तोच. मला उडी मारावीशी वाटली. घरी जाताना मी चौकातून समोसे घेतले. वस्तीत शिरले तर गोमाजीकाका पायरीवर बसलेले. हे बाबांचे यार्डातले जोडीदार, मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारे. त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसतं समोशाच्या पुड्याकडे बघितलं आणि हसले. त्या रात्री मला शांत झोप लागली. त्या उन्हाळ्यातली तेवढीच.

अय्यरसाहेबांना मात्र रानातला उभा बांबूही तपासून हवा होता. मला मिलच्या रानातल्या बांबू डेपोच्या जीपमधून धानोऱ्याकडे पाठवलं. मायला ते मुळीच पसंत नव्हतं. एकटी पोरगी, जीपमध्ये सगळे पुरुष, त्यात त्या बाजूच्या नक्षलवाद्यांच्या बातम्या रोज कानावर यायच्या. बाबा म्हणाले, "तिचं काम हाय, जाऊ दे," आणि स्वतः सकाळपासून तीन वेळा फाटकाशी येऊन जीप निघाली का ते बघून गेले. वाटेत पोलिसांच्या कँपपाशी जीप थांबवली. वाळूच्या पोत्यांमागचा शिपाई माझ्याकडे, मग माझ्या पिशवीतल्या करवतीकडे बघत राहिला. "कायले पाहिजे करवत?" कागद करायला, असं मी म्हटलं. ते त्याला पटलेलं दिसलं नाही.

आणि मग ते रान. मी हिरव्या बांबूत वाढलेली. हे काही वेगळंच होतं. एक पान नाही. काड्याकाड्यांना गव्हाच्या ओंबीसारखे तुरे, आणि वाऱ्याची झुळूक आली की बी झडायचं. जीपच्या टपावर, डोक्यावर, वाळल्या पाचोळ्यावर सारखी बारीक सळसळ. बेटांखाली बाया खराट्यानं जमीन झाडून बी गोळा करत होत्या, सुपात पाखडत होत्या. डेपोचे चौकीदार मडावीभाऊ माझ्याबरोबर चालत होते. ते म्हणाले, "माह्या बापानं पाह्यला होता. आता मी पाह्यलो. पोराले सांगतलं, पाहून घे." मी विचारलं, वाईट वाटतं का. "वाईट कायचं? त्याचं वय झालं. आमचं काम जाते, ते वेगळं."

मडावीभाऊंनी ओंजळभर बी माझ्या रुमालात बांधून दिलं. मायनं ते घरात येऊ दिलं नाही. ओसरीवरच ठेव म्हणाली. बांबू फुलला की उंदीर माजतात आणि उंदरांमागून दुष्काळ येतो, हे तिनं तिच्या आईकडून ऐकलं होतं. मी तिला उंदीर का वाढतात ते शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तेच तं म्हणून राह्यली मी." वादात मी जिंकले की ती, कळलं नाही. पण अंथरुणावर पडल्यावर त्या रुमालाचीच मला भीती वाटत राहिली.

रानातून मी स्वतः कापून आणलेला, गेल्या वर्षी मेलेला बांबू शिजवला. कागद बनवला. यंत्रात धरला तर ओल्या पापडासारखा फाटला.

तेच वय, तोच एक पावसाळा, तेच रान. यार्डातला गठ्ठा चांगला आणि माझा सडका. मी परत केलं. परत तेच. मला वाटलं, माझ्याच हातात खोट आहे. कॉस्टिक जास्त पडलं असेल, वेळ चुकली असेल, धुताना हयगय झाली असेल. लॅबमधले लोक बघताहेत असं वाटायला लागलं. जेवण जाईना. माय म्हणायची डबा परत का आणते, आणि मी सांगायचे कँटीनमध्ये काहीतरी खाल्लं. मुदत संपत आलेली, आणि एका बाईनं केलेला पहिला प्रयोग दोन तोंडांनी बोलत होता. अय्यरसाहेबांनी दोन्ही कागद हातात घेऊन उजेडात धरले. "दोनों सच नहीं हो सकते, सुजाता. ढूँढो."

शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी यार्डात गेले. बायका तिकडे जात नसत. ऊन असं की पायाखालची धूळ चपलेतून भाजत होती. थप्पीच्या सावलीत गोमाजीकाका आणि आणखी दोघं बसले होते. समोर लाल पट्ट्याचा ढीग. एकेक बांबू उचलून ते ठोकून बघायचे, टोक डोळ्याजवळ नेऊन आत बघायचे. बहुतेक बाजूला फेकायचे. एखादा निवडून शेजारी नीट मांडून ठेवायचे.

"काका, हे काय करून राह्यले?"

"तुहा गठ्ठा बांधून राह्यलो."

"पण निवडता काऊन?"

काकांना माझा प्रश्नच कळला नाही. "निवडता काऊन म्हंजे? घरच्या लेकीले कोणी सडकं देते का?"

ते अगदी कौतुकानं म्हणाले. त्यांच्या मागे बाबा उभे होते. दुपट्ट्यानं मान पुसत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. तो गठ्ठा बघताना माझ्या लक्षात आलं की माझे सगळे चांगले आकडे ह्या माणसांनी असे एकेक करून वेचून दिले होते. त्यात माया किती होती आणि पोटाची भीती किती होती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. त्यांनाही आलं नसतं.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. चांगले आकडे दिले तर मिल सडका बांबू आणेल, मशीनवर कागद तुटायला लागेल, आणि चार-सहा महिन्यांत सगळ्यांना कळेल की पोरीनं काय लिहून दिलं होतं.

"आन् खरं लिहिलं तं?"

"पावसाळ्यानंतर यार्ड बंद."

मायच्या हातातली सुई थांबली. बाबांचा तळहात तिच्या मांडीवर तसाच उघडा राहिला. मी मनात म्हणत होते, बाबा, तुम्ही सांगाल ते लिहीन. आणि त्याच वेळी म्हणत होते, बाबा, काही सांगू नका. ते उठले आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. मी खरं लिहिलं. पाऊस पडेपर्यंत रात्रंदिवस ट्रक आले, यार्डात उभं राहायला जागा नव्हती, आणि पोळा झाल्यावर ठेकेदारानं माणसं कमी केली. कुणी कोळशाच्या खाणीकडे गेले, कुणी जिवतीकडे रस्त्याच्या कामावर. बाबा गवंड्याच्या हाताखाली लागले, त्या वयात डोक्यावरून विटा वाहिल्या. आणि त्याच महिन्यात मी परमनंट झाले. दिवसपाळीतच करता येईल असं एक टेबल अय्यरसाहेबांनी माझ्यासाठी काढलं होतं. वस्तीत मला कुणी शिवी दिली नाही, तोंड फिरवलं नाही. फक्त गोमाजीकाका मला मॅडम म्हणायला लागले. थट्टेनं नाही. खरोखरच.

त्याच कामामुळे मी इथे आले. नागपूरला एम.एस्सी. केली, मग स्कॉलरशिप मिळाली. इथल्या पहिल्या मुलाखतीत एका गोऱ्या साहेबानं विचारलं, लाकडाबद्दल तुला काय माहिती आहे. मी म्हटलं, काही नाही, मला एक गवत माहिती आहे. ते हसले, पण मेलेल्या बांबूवरचे माझे आकडे त्यांनी लक्ष देऊन वाचले, कारण असं काम करायची संधीच माणसाला क्वचित मिळते. मग नोकरी लागली. परत उमेदवारी, परत मुदत, परत कॅलेंडर. ह्या वेळी भाषा परकी आणि थंडी अशी की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठायचं. इथे मला पहिल्यांदा रात्रपाळी मिळाली. त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं आणि मायनं उलट विचारलं की त्यात आनंद कसला. इतकी वर्षं इथल्या सहकाऱ्यांनी माझी एका गोष्टीवरून थट्टा केली. वाईट आकडा आला की मी शांत असते, आणि चांगला आला की मला घाम फुटतो. मी पुन्हा बाहेर जाऊन ढीग बघून यायचे, बर्फात, बूट घालून. नमुना कुणी भरला, कुठून भरला. त्यांना वाटायचं ही फार काटेकोर बाई आहे.

आता मिलिंदचे फोटो आले आहेत. तेच तुरे, तोच पिवळा रंग. तो म्हणतो, मिलला आता बांबूचं एवढं काही अडत नाही, शेतकरी निलगिरी लावतात, सुबाभूळ लावतात. म्हणजे ह्या वेळी घाबरायचं कारण नाही. तरी मी फोटो मोठा करून बेटं बघत बसते. बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. तुम्हाला तेव्हा काय वाटलं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. मला त्या संध्याकाळनंतरची त्यांची सकाळ तेवढी ठाऊक आहे.

मी लॅबमध्ये पोचले तर बाबा दारात उभे. ते पुढच्या बाजूला कधी येत नसत. खांद्यावर बांबूचा गठ्ठा होता, काळा पडलेला, भुंग्यांनी पोखरलेला, हलवला की भुसा गळणारा. त्यांनी तो माझ्या पायाशी ठेवला. "घे. याच्यात एक बी चांगला नाई."

मला रडू आलं आणि हसूही आलं. "बाबा, सडके बी निवडाचे नसते. चांगलं-वाईट पाहाचंच नसते. डोळे मिटून उचलाचे."

त्यांनी तो गठ्ठा भिंतीशी सारला. मग म्हणाले, "चाल."

आम्ही यार्डात गेलो. माणसं कामाला लागत होती, आम्हाला बघून थांबली. गोमाजीकाका पुढे झाले आणि परत मागे सरले. बाबा लाल पट्ट्याच्या थप्पीसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि हात पुढे केला. बोटं एका बांबूवर टेकली. तो चांगला होता, मला लांबूनही दिसत होतं. बोटं तिथेच राहिली. मग बाबांनी हात मागे घेतला आणि डोळे उघडले.

"डोळे मिटून नाई जमत बाई. हाताले समजते. तू आकडा सांग, मी काढतो."

मी थप्पीकडे पाठ केली आणि म्हटलं, "वरून चौथी ओळ. डावीकडून तिसरा."

मागे बांबू घासत बाहेर आल्याचा आवाज झाला. बाबांनी तो माझ्या बाजूला जमिनीवर ठेवला. ठोकला नाही, आत बघितलं नाही.

"पुढचा सांग," ते म्हणाले.